पोचवायला दिलेलं मत

"आई, मी तुझा मुलगा आहे," कीथ म्हणाला. "तुझ्या वतीनं मत द्यायला, प्रॉक्सी म्हणून, माझं नाव घालायचं सोडून तू हेमाचं घालतेस?"

"तू त्या दिवशी गावभर पळत असणार," विनीबाई बिछान्यातनं म्हणाल्या. "कुणाला गाडीतनं आण, कुणाच्या दारात ओरड. माझं मत विसरशील. हेमा दूध विसरत नाही, गोळ्या विसरत नाही. ती मतही विसरणार नाही."

कीथनं माझ्याकडं बघितलं. मी हातातला टॉवेल उगाच दुसऱ्यांदा घडी करायला घेतला. कीथ पन्नाशीचा, टकलू, भला माणूस. मजूर पक्षाच्या आमच्या भागातल्या शाखेचा सेक्रेटरी. त्याच्या आधी ते काम त्याच्या वडिलांनी, आर्थरनी, तीस वर्षं केलं होतं. दिवाणखान्यात आर्थरचा फोटो होता, कोटाला लाल फीत लावलेला. लहानपणी आमच्या इस्लामपुरात पेपरात विलायतेच्या बातम्या यायच्या, त्यात 'मजूर पक्ष' आणि 'हुजूर पक्ष' असायचे. तेव्हा मला वाटायचं, नावावरनंच कळतंय की कुठं जायचं, मग निवडणूक कशाला घेतात?

ब्रॅकनशॉ हे आमचं इंग्लंडच्या उत्तरेतलं गाव. गिरण्या बंद पडलेलं, टेकडीवर टेकलेलं. आमचे हे, सर्जेराव, बिस्किटांच्या कारखान्यात फिटर होते आणि मी घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करायची. विनीबाई माझ्याकडं दोन वर्षं होत्या. म्हणजे खरं तर मी त्यांच्याकडं होते. त्यांना सगळा गाव विनी म्हणायचा. शहाऐंशी वर्षांच्या बाईला नुसतं विनी म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून मी 'विनीबाई' म्हणायची. त्यांना बरेच दिवस वाटत होतं की मी लाडानं काहीतरी म्हणते. मीही समजूत मोडली नाही.

तेवढ्यात गावचे खासदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. त्याच आठवड्यात विनीबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातनं घरी आणलं, खालच्या खोलीत पलंग टाकला. डॉक्टरनं कीथला बाहेर नेऊन सांगितलं की हृदय थकलंय, महिना, दोन महिने. कीथनं मला सांगितलं. विनीबाईंना कुणी सांगितलं नाही, पण त्यांनी त्याच दिवशी मला विचारलं, "निवडणूक कोणत्या गुरुवारी?" मी सांगितली. बोटं मोजून त्या म्हणाल्या, "तेवढं गाठेन."

पोस्टानं मत पाठवायची मुदत उलटून गेली होती. राहिला होता तो प्रॉक्सीचा अर्ज. कुणीतरी त्यांच्या जागी जायचं आणि त्यांच्या वतीनं मत द्यायचं.

"पण हेमाला मत आहे का?" विनीबाईंनी विचारलं.

"आहे ना," कीथ खुशीत म्हणाला. "मीच तिचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव यादीत घातलंय. भारतातले लोक इथं राहत असले की त्यांना मत असतं."

हे मलाही त्यानंच सांगितलं होतं. दीडशे वर्षं आमच्यावर राज्य केलं तेव्हा आमचं मत कुणी विचारलं नाही आणि आता मी यांच्या गल्लीत येऊन राहिले, तर यांचा खासदार मी निवडायचा. मी तेव्हा हसले होते. का ते कीथला कळलं नाही.

विनीबाईंनी सही केली. कागद घेऊन कीथ गेला.

प्रचाराच्या तीन आठवड्यांत दारातनं इतके कागद आत पडले की पायपुसणं दिसेना. मी इंग्रजी वाचायला शिकले ते याच कागदांवर. त्याआधी मला औषधांच्या बाटल्यांवरचं आणि बसच्या पाट्यांवरचं येत होतं, बाकी सगळं अंदाजानं. रोज दुपारी विनीबाई म्हणायच्या, "वाच," आणि मी वाचायची. अडले की त्या उच्चार सांगायच्या. मजूर पक्षानं लंडनहून एक वकील पाठवला होता, तो प्रत्येक फोटोत बाह्या दुमडून उभा. निळ्या फितीच्या हुजूर पक्षाकडनं गावातलीच एक गुरांची डॉक्टरीण होती, तिच्या फोटोत मेंढी. पिवळ्या फितीचा एक मास्तर होता. आणि एकजण कोंबडीचा वेष घालून उभा होता, त्याचं म्हणणं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण अनामत भरलेली होती.

एकदा ती डॉक्टरीण स्वतः दारात आली. कीथ आत बसला होता. विनीबाई पलंगावरनं ओरडल्या, "हे आर्थर हॉलरॉइडचं घर आहे, इथं तुमचं काय काम!" कीथ गालात हसला. डॉक्टरीण निघाली तशी विनीबाई हळूच मला म्हणाल्या, "पाऊस आहे. तिला एक बिस्किट दे." मी दिलं. आपल्याकडंही विरोधकाला पाणी देतात. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी निघायच्या वेळेला कीथ येऊन बसला होता. अंगात लाल स्वेटर, मांडीवर याद्या. विनीबाईंनी माझा हात धरला. हाडं लागावीत इतका घट्ट.

"हेमा, मला काय हवंय, तुला माहीत आहे ना?"

"हो," मी म्हणाले.

"नक्की?"

"अगदी."

"अगं आई," कीथ म्हणाला, "ब्रॅकनशॉमधल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे."

विनीबाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं. माझा हात सोडायला मात्र त्यांनी वेळ लावला.

आता सांगते, मी का विचारलं नाही. आमच्याकडं घराला एकच मत असायचं, माणसं कितीही असोत. माझे वडील, आबा, नाव सांगायचे, आम्ही नऊजण जाऊन शिक्का मारून यायचो. लग्न झाल्यावर सासऱ्यांनी सांगायला सुरुवात केली, मग यांनी. थोरल्या माणसाला "तुमचं मत कुणाला?" असं विचारणं म्हणजे "तुम्ही जेवता कुठल्या हातानं?" असं विचारण्यासारखं. फोटोतल्या आर्थरच्या कोटाला लाल फीत होती. विचारायचं काय?

गुरुवारी सकाळी साडेसातला मी विनीबाईंच्या गल्लीतल्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये गेले. बोटाला शाई नाही, पोलिसांची काठी नाही, रांग नाही. दोन बायका टेबलाशी लोकर विणत बसल्यासारख्या. मी प्रॉक्सीचा कागद दाखवला. एकीनं यादीवर रेघ मारली आणि म्हणाली, "विनीला आमचा नमस्कार सांग, लव्ह." इथं भाजी घेताना भाजीवालापण 'लव्ह' म्हणतो, पहिल्या महिन्यात यांनी त्यावरनं मला दोनदा जाब विचारला होता.

आत लाकडी खोक्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. जणू कुणी देश सोडून पेन्सिल पळवणार आहे. नावापुढं फुली मारायची. आमच्या शाळेत फुली चुकलेल्या गणिताला मारत, त्यामुळं माझा हात क्षणभर अडखळला. मग मी बाह्या दुमडलेल्या वकिलाच्या नावापुढं मारली. कडेला जाऊ नये म्हणून सावकाश. विनीबाईंचं शेवटचं मत, ते नीट दिसलं पाहिजे. कागद पेटीत टाकला तेव्हा मला काशीला कुणाच्या अस्थी पोचवून आल्यासारखं वाटलं.

माझं स्वतःचं मत संध्याकाळी द्यायचं होतं. आमचं केंद्र वेगळं, आमच्या घराजवळच्या शाळेत.

मी विनीबाईंकडं गेले तेव्हा कीथ तिथं नव्हता, पहाटेपासनं तो गावात होता. विनीबाईंचे केस विंचरलेले नव्हते, पण त्यांनी लिपस्टिक लावली होती. जरा इकडंतिकडं गेली होती.

"झालं?"

"झालं."

"कागद पेटीत पडलेला बघितलास?"

"डोळ्यांनी."

त्यांनी उशीवर डोकं टेकलं आणि त्या अशा हसल्या की मी त्यांना तशा कधी बघितल्या नव्हत्या. दात न लावता, लहान मुलीसारख्या. "चहा कर," म्हणाल्या. "आणि तुझाही कर. बस इथं."

मी चहा घेऊन आले. त्या बशीत बिस्किट बुडवत म्हणाल्या, "काय वाटतं तुला, निवडून येईल ती डॉक्टरीण? रेडिओवर तर म्हणतायत."

"कोण जाणे," मी म्हणाले. "आपला वकील पडू नये."

बिस्किट तुटून चहात पडलं. त्यांनी ते काढायचा प्रयत्नही केला नाही.

"हेमा. मत कुणाला दिलंस?"

"वकिलाला."

त्यांनी कपबशी बाजूला सरकवली.

"मी विचारलं होतं तुला. माहीत आहे ना म्हणून. दोनदा विचारलं."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"आर्थरसाहेब..."

"आर्थर मेलाय," विनीबाई म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. त्याला मत नाही."

मी उभीच राहिले. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं, आता या मला जायला सांगणार आणि माझं चुकलंय, मी जायला पाहिजे. मग त्या भिंतीशीच बोलल्यासारख्या बोलायला लागल्या.

"बावन्न वर्षं संसार केला. दर निवडणुकीला आम्ही हातात हात घालून चॅपलला जायचो. बाहेर आलो की तो म्हणायचा, विनी, आपल्या पक्षाला दोन मतं पडली. मग मासे आणि बटाट्याचे काप घेऊन द्यायचा, त्या दिवशी पैसे न मोजता. आणि प्रत्येक वेळी, हेमा, प्रत्येक वेळी मी त्याचं मत खोडलं होतं."

"खोडलं म्हणजे?"

"तो लाल, मी निळी. झाले शून्य. पहिल्यांदा साखरेपायी दिलं. लढाई संपून सहा वर्षं झाली तरी साखर रेशनवर, आणि निळे म्हणाले आम्ही रेशन उठवू. मला कीथच्या वाढदिवसाला केक करायचा होता. बस. दुसऱ्यांदा दिलं ते आर्थर सभेत बायकांना राजकारणातलं काय कळतं म्हणाला म्हणून. नंतर सवयच लागली. घर त्याच्या नावावर, पगार त्याचा, कुत्रासुद्धा त्याच्याच मागं जायचा. तेवढी एक फुली माझी होती."

मी साखर कारखान्याच्या गावातली. साखरेपायी पक्ष बदललेले पुढारी मी पुष्कळ बघितले होते, पण इतका स्वस्त सौदा कुणी केला नव्हता.

"आणि इतकी वर्षं मी हरत आले," त्या म्हणाल्या. "इथं लाल फीत लावून गाढव उभं केलं तरी निवडून यायचं. यंदा पहिल्यांदा वाटलं, जिंकतोय आपण. एकदा जिंकून मग जावं म्हटलं. कीथसमोर बोलता येईना. मला वाटलं, बाई आहेस, तुला कळेल."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचे केस विंचरले. त्यांनी नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

संध्याकाळी हे दाराशी कोट घालून तयार होते. शाळेपर्यंत चालत निघालो.

"वकील," हे म्हणाले. "वरनं तिसरं नाव. चुकू नकोस. कीथसाहेबानं नाव घातलं यादीत, आपल्या युनियनचा माणूस आहे. माणसानं जाण ठेवावी."

"हं."

"गप का आज? म्हातारी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"तिचं दिलंस ना वकिलाला?"

"दिलं."

"मग झालं तर."

मी आत गेले. पुन्हा तेच खोकं, तशीच पेन्सिल. यांनी सांगितलेलं तिसरं नाव समोर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं दुसरंच काही नव्हतं, फक्त भिंतीकडं वळलेलं ते तोंड. मी गुरांच्या डॉक्टरणीपुढं फुली मारली. विनीबाईंचं मत मी चुकीच्या दारात टाकलं होतं, आता माझं त्यांच्या दारात टाकलं. फिट्टंफाट. बाहेर आले तेव्हा हे म्हणाले, "वरनं तिसरं?" मी मान हलवली. नवऱ्याशी मतदानाबद्दल खोटं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. पावलं इतकी हलकी पडत होती की मलाच लाज वाटली.

सकाळी बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी तेच. डॉक्टरीण निवडून आली होती. अकराशे चौदा मतांनी. लढाईनंतर पहिल्यांदा ब्रॅकनशॉ लालचं निळं झालं होतं.

"धडा शिकवला आपण त्यांना," बसचा ड्रायव्हर म्हणाला.

"तू मत दिलंस?" मागनं एक बाई.

"छे, माझी ड्युटी होती."

खाटकाच्या दुकानापुढं दोघं भांडत होते. एक म्हणत होता, रस्त्यांच्या खड्ड्यांमुळं हरले. दुसरा म्हणत होता, वकिलाच्या बुटांमुळं. ज्याला विचारावं त्याला विजय आपल्यामुळंच झाल्यासारखं वाटत होतं, आणि हरलेल्यांपैकी कुणीच वकिलाला मत दिलेलं नव्हतं. मग त्याला चौदा हजार मतं पडली कुठनं, देव जाणे.

विनीबाईंकडं रेडिओ लावलेला होता. लंडनचा कुणी प्राध्यापक बोलत होता, की मतदारानं सरकारला शांतपणे, विचारपूर्वक इशारा दिलाय. विशेषतः परदेशातनं येऊन स्थायिक झालेल्या स्त्रियांनी स्वतंत्र बाणा दाखवलाय. मी रेडिओ बंद केला.

"जिंकलो," विनीबाई म्हणाल्या. पण कोरडं. "म्हणजे ते जिंकले. मी नेहमीसारखी हरलेल्यांत. इतक्या वर्षांत एकदा माझा पक्ष आला, आणि तेव्हाच माझं मत दुसरीकडं. आर्थर वर बसून मासे खात असेल."

मी याच क्षणाची रात्रभर वाट बघितली होती. त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. "तुम्ही जिंकलात. यांनी वकील सांगितला होता, पण माझं मत मी डॉक्टरणीला दिलं. तुमच्या वतीनं. तुमचं मत पोचलं, विनीबाई, फक्त माझ्या हातानं पोचलं."

मला वाटलं होतं, त्या रडतील. माझा हात धरतील.

"काय केलंस?"

"तुमच्यासाठी..."

"मूर्ख बाई!" असा आवाज त्या शरीरात उरला असेल असं डॉक्टरलाही वाटलं नसतं. "तुला कोण हवं होतं?"

"मला?"

"तुला. कोंबडी हवी होती? मास्तर हवा होता? कोण?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. तीन आठवडे मी सगळ्यांचे कागद मोठ्यानं वाचले होते, उच्चारासकट पाठ केले होते. पण यातलं मला कोण हवं, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. इस्लामपुरातही नाही. कधीच नाही. माझं वय तेव्हा एकोणचाळीस होतं.

"मी तुला माझं पोचवायला दिलं होतं," विनीबाई म्हणाल्या. "तुझं मागितलं नव्हतं. शेजारी झोपणाऱ्या माणसापासनं मी बावन्न वर्षं माझं मत जपलं. आणि तू? आधी नवऱ्यानं सांगितलं म्हणून देणार होतीस, मग माझ्या तोंडाकडं बघून दिलंस. उद्या माझा कुत्रा भुंकला तर त्याला देशील."

"तुमचा कुत्रा मेलाय," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. मला रडू येत होतं.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. खुबा दुखत होता तरी हसत होत्या. मीही हसले, डोळे पुसत.

तेवढ्यात कीथ आला. दाढी न केलेला, कोटावर चुरगळलेली लाल फीत. तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पूर्ण गल्ली गेली, आई," तो म्हणाला. "जिथं बाबांनी घरन् घर जोडलं होतं ती गल्ली. मला तोंडावर हो म्हणाले आणि मत तिकडं टाकलं. या रस्त्यावर एकच मत मी शपथेवर आपलं म्हणू शकतो. तुझं."

मी भांडी उचलायला लागले. विनीबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी हात लांब करून लेकाच्या टकलावर ठेवला.

"हो रे बाळा," त्या म्हणाल्या. "ते तुमचंच होतं."

खोटं म्हणायला जागा नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं.

"आणि हेमा, तुझंही," कीथ माझ्याकडं वळून म्हणाला. "मी विसरणार नाही."

मी म्हटलं, "चहा घेणार?"

विनीबाई पाचव्या आठवड्यात गेल्या. त्याच चॅपलच्या हॉलमध्ये सगळे जमले. कीथनं भाषण केलं, की माझी आई शेवटच्या श्वासापर्यंत वडिलांच्या विचारांशी एकनिष्ठ राहिली. सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टरीणही आली होती, खासदार म्हणून, मागच्या रांगेत. तिनंही हलवली. मी हलवली नाही, पण मी परकी म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. हे सगळं मी मराठीत लिहितेय, कारण कीथ अजून आहे, आम्हाला दर नाताळला कार्ड पाठवतो, आणि त्याला मराठी येत नाही.

दोन वर्षांनी मोठी निवडणूक आली. मी सगळे कागद जमवले आणि आठवडाभर स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून मनात वाचले. एकाचं शाळांचं म्हणणं पटलं, दुसऱ्याचं बसचं. एकाचा फोटो आवडला नाही, मग फोटोवर जाऊ नये म्हणून त्याचं दोनदा वाचलं. मतदानाच्या दिवशी यांनी रस्त्यात नाव सांगितलं. मी ऐकून घेतलं.

आत मी इतका वेळ उभी राहिले की टेबलापलीकडचा माणूस खाकरला. मग फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली.

"एवढा वेळ?" हे बाहेर पावसात उभे होते. "नाव सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं."

"मग काय करत होतीस आत?"

"निवडत होते," मी म्हणाले.

हे कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "कुणाला दिलंस?"

मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि पुढं चालायला लागले. घरी पोचेपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं. अजून विचारतात.